तोंड धुवायला पाणी

कंपनीच्या गेटवरच्या यंत्रानं त्या शुक्रवारी जालिंदरला ओळखायला नकार दिला. पूर्वी तिथं कार्ड पंच व्हायचं, मग अंगठा आला, मग साथीच्या काळात अंगठा गेला आणि चेहरा आला. काचेच्या चौकोनासमोर उभं राहायचं, हिरवी रेघ कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरते, आतली बाई ‘धन्यवाद’ म्हणते आणि आपण आत. एवढ्या वर्षांत ‘धन्यवाद’ म्हणणारी कंपनीतली ती एकटीच, त्यामुळे जालिंदरला तिच्याबद्दल आदर होता. त्या दिवशी ती म्हणाली, ‘चेहरा पहचाना नहीं गया. कृपया दोबारा प्रयास करें.’ त्यानं दोबारा प्रयास केला. चष्मा काढला, घातला, केस मागे सारले. मागं पहिल्या पाळीची रांग वाढत चालली. सिक्युरिटीवाला म्हणाला, “साहब, थोडा हँसिए मत.” तो हसत नव्हताच. रांगेतून पॅकिंगच्या रोहिदासनं आवाज दिला, “जालिंदरराव, पावडर कमी लावत जा की! मशीन लाजलं बघा.” रांग हसली. जालिंदरही हसला, कारण अशा वेळी सुपरवायझर माणसानं हसायचं असतं, आणि हसताना त्यानं डावा हात सहज चेहऱ्यावर ठेवल्यासारखा हनुवटीवर ठेवला. हा हात तिथं अलीकडे फार वेळा जायचा. शेवटी सिक्युरिटीवाल्यानं कागदावर सही घेतली. सही त्याचीच होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

दिवसभर कन्व्हेयरच्या कडेनं फिरताना ती बाई त्याच्या कानात बोलत राहिली. पावडर नव्हती ती. रोहिदासला काय माहीत. दिवाळीत, अभ्यंगस्नानाआधी दाढी करताना, डाव्या ओठाच्या कोपऱ्याखाली फेस राहिलाय असं त्याला वाटलं होतं. टॉवेलनं पुसला. फेस गेला नाही. पुन्हा पुसला. शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका आरशातून शांतपणे त्याच्याकडे बघत होता. बाहेर बायको, सारिका, ओरडत होती, “आवो, उटणं वाळलं, कितीदा भिजवू?” आणि तो बेसिनच्या नळाला धरून उभा होता. संक्रांतीपर्यंत शेंगदाण्याचा बदाम झाला. मग त्याला वरून एक टोक फुटलं. सातवीतल्या भूगोलाच्या पुस्तकात अशी बेटं असायची, आणि त्यांचं क्षेत्रफळ पाठ करायला लावायचे.

शिरूरमध्ये कातडीचे डॉक्टर होते, पण शिरूरमध्ये वेटिंगला बसलेली माणसंही होती, आणि ती सगळी शिरूरचीच होती. म्हणून तो मीटिंग आहे असं सांगून पुण्याला गेला. डॉक्टर बाई तरुण होती, त्याच्या लेकीपेक्षा, समृद्धीपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं खोलीत अंधार करून निळा दिवा चेहऱ्यावर धरला आणि जे सांगितलं त्यातलं त्याला एवढंच कळलं की हे कोड आहे, कुणाला लागत नाही, औषधानं रंग परत येऊ शकतो, पण वेळ लागतो आणि खात्री नाही. मग तिनं विचारलं, “चेहरा कशानं धुता?”

“पाण्यानं.”

“साबण?”

“अंगाचाच.”

“आणि नंतर काय लावता?”

जालिंदरनं विचार केला. “टॉवेल,” तो म्हणाला.

ती हसली नाही. तिनं कागदावर मलम लिहून दिलं आणि खाली सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि समजावून सांगितलं, थोरल्या लेकीनं बापाला मोबाइल समजावून सांगावा तसं. हे घासायचं नाही, थापायचं. हे दोन बोटांवर घ्यायचं. हे उन्हात जायच्या आधी. घरी येताना बसमध्ये त्याच्या लक्षात आलं, की आपल्या तोंडाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. आबा, म्हणजे त्याचे वडील, कांद्याच्या वाफ्यातून यायचे तेव्हा त्यांच्या मानेवर मिठाची पांढरी नक्षी असायची आणि ती धुवायलाही ते संध्याकाळपर्यंत थांबायचे. गालावर भेगा, टाचेला भेगा, दोन्हींना एकच औषध, खोबरेल, तेही आईनं हातात बाटली घेऊन मागं धावल्यावर. पुरुषाचं कातडं आत माणूस राहावा म्हणून असतं, पोत्यासारखं. जालिंदरच्या कातडीची आख्ख्या गावानं मिळून एकदाच काळजी घेतली होती, हळदीला. पाटावर बसवून बायकांनी गाल, दंड, पोटऱ्या चोळून काढल्या होत्या आणि तो लाजून मेला होता. त्यानंतर थेट ही डॉक्टर.

मलमाच्या ट्यूबवरचं नाव त्यानं नखानं खरवडून काढलं. फेसवॉश उघड्यावर ठेवला, कारण सगळंच लपवलं तर संशय येतो, एवढं सुपरवायझरला कळतं. घरात त्यावरून बरीच करमणूक झाली. सारिका पहिल्या आठवड्यात म्हणाली, “कोण हाय ती?” दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, “जी कोण हाय तिला म्हणावं, भाजी पण घेऊन जात जा.” समृद्धी फक्त म्हणाली, “पप्पा, सनस्क्रीन एवढं कमी लावून उपयोग नाही,” आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली. ती बी.फार्म. झालेली, कारेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. जालिंदरला त्या वाक्यानंतर दोन दिवस धड झोप नव्हती. मग त्यानं दाढी वाढवून पाहिली. आमच्याकडं बापई माणूस दाढी वाढवतो ती कुणी गेलं तर, नाहीतर नवस बोलला तर, त्यामुळे गल्लीतल्या दोघांनी जपून विचारपूस केली आणि एकानं देव कोणता ते विचारलं. दाढी आली. बेटावर ती पांढरी आली. आधी जे नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हतं ते आता रस्त्यापलीकडून दिसायला लागलं. त्यानं त्याच संध्याकाळी ती काढून टाकली. न्हाव्याकडं जाणं तर कधीच सोडलं होतं. न्हावी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं फिरवतो.

आता यात एवढं काय, असं डॉक्टरनं म्हटलं होतं. तिचं बरोबरच होतं. पण पुण्यातल्या त्या खोलीत नकुशीआत्या बसलेली नव्हती. ती आबांची धाकटी बहीण, लग्न न झालेली, घराच्या मागच्या पडवीत राहणारी. आत्याच्या पायात बारमाही मोजे असायचे. तपकिरी, नायलॉनचे, टाचेला रफू केलेले. झेंडू तोडताना मोजे, शेण लावताना मोजे, मे महिन्यात जमीन भाजत असताना मोजे. कुणी विचारलं तर आई सांगायची, “वन्संना पायाला गारठा सोसत न्हाई.” सगळं गाव मान हलवायचं. गावाला गारठ्याबद्दल सगळं माहीत असावं. जालिंदर आठ-नऊ वर्षांचा असेल, दुपारचा कालव्याच्या पाटावर आंघोळीला गेला तर करंजाच्या आड आत्या बसलेली, मोजे शेजारी दगडावर, पाय पाण्यात. घोट्यापासून खाली दोन्ही पाय पांढरे, गुलाबीसर पांढरे, दुसऱ्या कुठल्यातरी बाईचे जोडल्यासारखे. ती ते हळूहळू चोळत होती, एकेक बोट, आणि तिच्या तोंडावर जे सुख होतं ते त्यानं तिच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही. त्याची चाहूल लागली तशी ती दचकली. “कुनाला सांगू नगंस हां बाळा.” तिनं पाय पुसले नाहीत. ओल्या पायांतच मोजे चढवले आणि चपचप आवाज करत बांधावरून निघून गेली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. आजतागायत नाही. समृद्धीलाही आपली एक आत्येआजी होती एवढंच माहीत होतं. आता गेटवरून परतल्यापासून तो चपचप आवाज त्याच्या बुटातून येत होता. दोनदा त्यानं वाकून बघितलं. बूट कोरडे होते.

रविवारी दौंड तालुक्यात जायचं होतं, पाटसच्या अलीकडं, मुलाचं घर बघायला. मुलगा सत्यजीत, दौंडला रेल्वेत. बघण्याचा कार्यक्रम शिरूरला होऊन गेला होता, पत्रिका जुळली होती, मुला-मुलीचे नंबर दिले-घेतले होते. बघण्याच्या दिवशी जालिंदरनं गळ्यापर्यंत मफलर गुंडाळून सर्दीचं नाटक केलं होतं आणि पाव्हण्यांनी आल्याचा काढा सुचवला होता. पण खरी गोष्ट ही की समृद्धीला मुलगा पसंत होता. ती संध्याकाळी गच्चीत कपडे काढायला जायची आणि तासाभरानं दोन टॉवेल घेऊन खाली यायची. वरून तिचं हसणं ऐकू यायचं. ते हसणं जालिंदर टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकायचा. लग्नात बापाची हनुवटी बघत नाहीत असं कुणी म्हणेल. बघतात. आधी बापाची, मग पोरीचे हात, मग मान, मग एखादी बाई सहज म्हणून पोटरी बघते. ‘त्यांच्यात हाय’ असं म्हणतात. काय हाय, ते म्हणत नाहीत. एवढं बोललं की भागतं.

रविवारी सकाळी तो बेसिनसमोर उभा राहून समृद्धीच्या पिशवीतली कन्सीलरची कांडी हनुवटीवर ओढत होता. शुक्रवारी हेच जरा जास्त झालं होतं. दार नीट लागत नव्हतं, कधीच लागलं नाही, आणि ती मागं येऊन उभी राहिली. आरशात दोघांची नजर भेटली. जालिंदरच्या हातात कांडी तशीच. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि सुचलं ते असं: “तुझं संपलं काय गं हे?”

“पप्पा,” ती म्हणाली, “ते माझ्या शेडचं आहे. तुम्हाला एक नंबर डार्क लागतो.” तिनं ओढणीच्या आडून दुसरी कांडी काढली. नवी होती, सील फोडलेलं नव्हतं. “इकडं बघा. वर. हलू नका.” तिनं आधीचं ओल्या कापसानं पुसून काढलं, मॉइश्चरायझर लावलं, थांबली, सनस्क्रीन लावलं, थांबली, आणि मग मधल्या बोटानं टिपत टिपत, घासायचं नाही, थापायचं, ते बेट बुडवलं. तिचं बोट गार होतं. तिचा चेहरा इतका जवळ होता की त्याला तिच्या भुवईतला लहानपणी पडल्याचा व्रण दिसला. तो हळदीच्या पाटावर बसल्यासारखा बसून होता, कमोडच्या झाकणावर.

“तुला कवा कळलं?”

“ट्यूबचं नाव खरवडलं तरी बॅच नंबर राहतो ना पप्पा,” ती म्हणाली. “बोलू नका, क्रॅक जातात.”

मेहुणा मच्छिंद्र, ज्यानं हे स्थळ आणलं होतं, गाडी घेऊन आला. न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागले. समृद्धी रिवाजाप्रमाणे घरीच राहिली. मच्छिंद्र पुढं बसून पाव्हण्यांची जमीन मोजत होता, सारिका मागं बसून कुठली साडी नेसायला हवी होती ते. जालिंदर गालाचा एकही स्नायू न हलवता ‘हं’ म्हणायला शिकला होता. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी दिसलं. पुढं दोन्ही बाजूला उसाची तोड चाललेली, कुठं पाचट पेटवलेलं, आणि काळी काजळी पिसासारखी तरंगत खिडकीतून आत येत होती. एसी बिघडला होता. घाम कपाळावरून निघाला, कानाशी आला, आणि त्यानं मान उजवीकडं कलती करून त्याला दुसरा रस्ता दाखवला. सगळ्याचा विचार त्यानं केला होता. उजेडाकडं पाठ करून बसायचं. चहा डाव्या हातानं, म्हणजे कप हनुवटीपुढं येतो. गंध लावताना कपाळ पुढं करायचं. मुलाच्या वडिलांचं, आईचं, आजोबांचं, प्रत्येकाच्या बसण्याच्या जागेचं त्यानं मनात गणित मांडलं होतं.

गाडी अंगणात उभी राहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण एक गोष्ट विसरलो. जी गोष्ट त्याच्या गावात, त्याच्या आबांच्या दारात, आलेल्या प्रत्येक पाव्हण्यासाठी आधी व्हायची, जिच्यासाठी लहानपणी त्यानं स्वतः तांब्या घेऊन शंभर वेळा पळापळ केली होती, ती शिरूरच्या फ्लॅटमध्ये राहून राहून डोक्यातून पुसली गेली होती. ओट्यापाशी पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ होतं. बाजूला साबणाची नवी वडी. आणि मुलाचे आजोबा, गोकुळ आबा, सोसायटीचे जुने चेअरमन, पांढरं धोतर, स्वतः हातात तांब्या घेऊन उभे.

“या, या पाव्हणं. लई ऊन झालं. आधी हातपाय-त्वांड धुवा, मग बसू.”

मच्छिंद्रनं चुळा भरून तोंडावर सपासप पाणी मारलं. सारिकानं पायांवर घेतलं, डोळ्यांना लावलं. जालिंदर पुढं झाला, पाय धुतले, हात धुतले आणि बाजूला सरला.

“आन् त्वांड?” गोकुळ आबा म्हणाले. “काजळी बसलीया सगळी. घ्या घ्या, पाणी कमी न्हाई आमच्याकडं.”

“राहू द्या आबा. सर्दी हाय जरा.”

“आवं फागुन चाललाय, कसली सर्दी? तवा बी सर्दीच व्हती म्हनं तुमाला.” आबा हसले. अंगणातली सगळी हसली. मुलाच्या वडिलांच्या खांद्यावर शुभ्र टॉवेल होता, घडी न मोडलेला, फक्त पाव्हण्यांसाठी कपाटातून काढलेला. आबांनी तांब्या कलता केला होता. धार अजून पडली नव्हती, काठावर येऊन थांबली होती. दारचं पाणी नको म्हणणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कोपऱ्यात गोठ्याजवळ ओल होती, तिथं कुणीतरी चालत होतं, चपचप. जालिंदरला वाटलं, तांब्या असाच राहावा. तांब्या असाच राहिला असता तर समृद्धी गच्चीवर हसत राहिली असती आणि तो मफलर गुंडाळून लग्न, बारसं, दिवाळसण सगळं पार पाडत गेला असता, मे महिन्यातसुद्धा, आणि सारिका लोकांना सांगत राहिली असती की यांना गळ्याला गारठा सोसत नाही. त्याची ओंजळ पुढं झाली. ती त्यानं पुढं केली की झाली, हे त्याला नंतरही ठरवता आलं नाही. पाणी गार होतं, रांजणातलं. त्यानं तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, साबण घेतला, चोळलं. घासू नका, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यानं घासलं. दिवाळीपासून पहिल्यांदा तो कुणाला न भिता तोंड धूत होता, आणि ते इतकं बरं वाटत होतं की तो थांबेना, तिसरा तांब्या झाला, आबाही ओतत राहिले, कारण पाव्हणा थांबेपर्यंत ओतायचंच असतं.

मग त्यानं टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

आबांनी तांब्या घंगाळात ठेवला, त्याचा आवाज झाला. मुलाच्या आईनं, सोजराबाईंनी, पदर सावरला आणि आत बघून “चहा ठिवा गं” म्हणाल्या, जरा मोठ्यानं. टॉवेलवर गव्हाळ रंगाचा डाग उठला होता, हनुवटीएवढा. सारिकानं त्याच्याकडं न बघता टॉवेल त्याच्या हातातून घेतला आणि डाग आत करून घडी घातली, एका झटक्यात, सवयीच्या हातानं. तेव्हा त्याला कळलं, की त्याच्या उशीचे अभ्रे कोण धूत होतं.

त्यानंतर जे आदरातिथ्य झालं त्याला तोड नव्हती. पोहे झाले, गुळाची ढेप झाली, विहीर दाखवली, बोअर दाखवली, गोठा दाखवला. प्रत्येक जण जालिंदरशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत होता, डोळ्यांच्या खाली एक सूतभरही नाही. सत्यजीत एकदाच बाहेर आला, वाकून पाया पडला. त्याचे कान लाल झाले होते. निघताना मुलाचे वडील म्हणाले, “कळवतो.” चौफुल्याला मच्छिंद्र म्हणाला, “दाजी, नाक दाबून बसायचं व्हतं की जरा,” आणि मग त्यालाच त्याचा अर्थ लागेना म्हणून त्यानं रेडिओ लावला.

सोमवारी जालिंदर मलम आणि सनस्क्रीन लावून, बाकी काही न लावता गेटवर उभा राहिला. हिरवी रेघ कपाळावरून निघाली, ओठाच्या कोपऱ्याखालून गेली. ‘धन्यवाद,’ बाई म्हणाली. रोहिदास मागंच होता. तो तोंड उघडून काहीतरी बोलणार होता, त्यानं बघितलं, आणि तोंड मिटलं. त्या दिवसापासून रोहिदासनं त्याची चेष्टा करणं सोडून दिलं. जालिंदरला ते अपेक्षेपेक्षा जास्त लागलं.

बुधवारी मच्छिंद्रचा फोन आला. पत्रिका पुन्हा दाखवली, नाड एक निघाली. सारिका फोनवर “बरं, बरं” म्हणाली आणि कणीक मळायला बसली, आधीच मळलेली. समृद्धीला सांगायची वेळ आली नाही, तिला गच्चीतच कळलं होतं. ती दोन टॉवेल घेऊन लवकर खाली आली. “झालं ते बरं झालं,” ती म्हणाली. “लग्नानंतर नाड एक निघाली असती तर?” आणि जेवली, नेहमीएवढी. जालिंदरनं ताटावर बसून तिला नकुशीआत्याचं सांगितलं. मोजे, पाट, करंजाचं झाड, सगळं. इतक्या वर्षांचं ते पाच मिनिटांत संपलं. तिनं ऐकून घेतलं. “पाय ओलेच घालायच्या?” एवढंच विचारलं.

सकाळी बसची वेळ झाली म्हणून तो बेसिनकडं गेला तर दार नेहमीप्रमाणे अर्धवट. आत समृद्धी आरशाकडं पाठ करून उभी होती, केस वर धरलेले, दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा, आणि मान वळवून वळवून स्वतःच्या कानामागं, मानेवर बघायचा प्रयत्न करत होती. कोपर बघितलं. दंड उजेडात फिरवून बघितला. त्याला बघून तिनं दिवा विझवला नाही.

“पप्पा, मागचं मला दिसत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बघा ना.”

त्यानं चष्मा पुसून घातला. मोबाइल हातात घेतला. ती पाठमोरी झाली, मान वाकवून उभी राहिली, लहानपणी वेणी घालून घ्यायला उभी राहायची तशी. खाली रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला.

“काय आहे का?”

“न्हाई.”

“नीट बघा.”

काही नव्हतं. सावळी, स्वच्छ मान होती, एक तीळ होता तो जन्मापासूनचा. खाली हॉर्न पुन्हा वाजला, मग लांबवर गेला. काही नव्हतं, खरंच काही नव्हतं, आणि जालिंदर दिवा धरून बघत राहिला.